भिंतीतला वर्ग

सोनूबाईच्या नातीची शाळा घराच्या भिंतीत भरायची. ऐकणाऱ्याला थाप वाटेल. सोनूबाईलाही पहिले काही दिवस थापच वाटली होती. रेवदंड्याच्या कोळीवाड्यात त्यांचं घर, पुढे पडवी, मध्ये एकच खोली आणि मागे चूल. त्या खोलीत प्राप्तीला खाटेवर उशांना टेकवून बसवायचं, डोळ्यांवर तो जाड काळा चष्मा चढवायचा, की पोरगी समोरच्या भिंतीशी बोलायला लागायची. "बाई, मी सांगू?" म्हणायची. रुचिका नावाच्या मैत्रिणीशी खुसखुसायची. सोनूबाईला दिसायचा नुसता चुना. त्या भिंतीला सुकटीच्या टोपल्या टेकवलेल्या असायच्या, पण शाळेच्या मध्ये टोपल्या नकोत असा प्राप्तीने हट्ट धरला आणि त्या पडवीत गेल्या.

प्राप्तीच्या पायांतलं बळ लहानपणीच गेलं होतं, मग पाठीतलंही ओसरायला लागलं. तिचा बाप विनेश बोटीवर खलाशी. तो किनाऱ्याला असला की तिला खांद्यावर घेऊन शाळेत सोडायचा. पुढे तिची छाती वरचेवर भरायला लागली, आणि डॉक्टरांनी सांगितलं, हिला खोकणाऱ्या-शिंकणाऱ्या पोरांत नेऊ नका. शाळा सुटली, आणि हसणारी-बोलणारी पोर मुकी झाली. घास तोंडाशी नेला की मान फिरवायची. सोनूबाई पालीच्या गणपतीला नवस बोलून आली. औषधं चालू होती, नवस चालू होता, पोरगी मात्र भिंतीकडे तोंड करून पडून असायची.

मग मुंबईची कुठलीशी संस्था शाळेत आली आणि प्राप्तीसाठी एक चष्मा नि एक रोबो देऊन गेली. रोबो म्हणजे सिनेमातला हातपाय हलवणारा गडी नव्हे. चाकांवर उभी केलेली एक काठी, वर पाटीएवढा पडदा, पडद्यावर प्राप्तीचा हसरा फोटो आणि त्याच्या डोक्यावर एक डोळा. तो डोळा वर्गात जे पाहील ते प्राप्तीला घरी दिसायचं. तिने हातातलं बटण दाबलं की रोबो वळायचा, मधल्या सुट्टीत पोरांमागून व्हरांड्यात जायचा. गंमत अशी की चष्म्यातून तिला आपलं घरही दिसे, खाट दिसे, आजी दिसे. फक्त समोरची भिंत उघडून तिथे वर्ग मांडलेला असे. एकदा बाईंनी ग्रह शिकवायला घेतले, तर ते वर्गातून तरंगत थेट घरात आले म्हणे. "आजी, शनी चुलीवर आलाय, वाकून जा," प्राप्ती म्हणाली. आणि सोनूबाई खरंच वाकून गेली.

त्या दिवसापासून पोरगी जेवायला लागली. सोनूबाईला आणखी काय पाहिजे होतं? शेजारणी म्हणाल्या, नवस फळला. सोनूबाई कुणाचंच श्रेय कमी करणारी नव्हती. गणपतीलाही तिने हात जोडले आणि शाळेतल्या त्या काठीलाही.

त्या यंत्रात एकच खोट होती. पोरं एका सुरात ओरडली, प्रार्थना झाली की प्राप्तीच्या कानात नुसता गोंगाट घुमायचा. म्हणून वर्गाच्या हेमांगीबाई तेवढ्यापुरतं एक बटण दाबून आवाज बंद करायच्या. मग इकडचं तिकडे ऐकू जात नसे आणि तिकडचं इकडे. दिसायचं मात्र सगळं.

नारळी पौर्णिमा आली. आता कोळ्याच्या घरी या सणाला ज्याच्यावर पोट आहे, ज्याच्यावर जीव आहे, त्याला नारळ चुकत नाही. होडीला, जाळ्याला, इंजिनाला, सगळ्यांना. आणि नुसता समोर ठेवून भागत नाही. फोडायचा, आणि त्याचं पाणी वरून सोडायचं. खारं पाणी लागण्याआधी अंगावर गोड पाणी पडलं की दर्या सांभाळून घेतो, असं सोनूबाईची सासू सांगायची. सोनूबाईच्या मनात आलं, सगळ्यांना नारळ आणि माझ्या नातीला शाळेत नेणाऱ्यालाच नको? एवढं कृतघ्न व्हायचं का माणसाने?

सणाच्या आदल्या दिवशी नारळ-हार घेऊनच तिने शाळेत जाऊन बाईंना विचारलं, रोबोची पूजा करू का. हेमांगीबाई घाटावरच्या, त्यांची पूजा म्हणजे बोटभर कुंकू आणि एक फूल. त्यांना कौतुकच वाटलं. करा की, म्हणाल्या. संस्थेला पाठवायला फोटो होईल म्हणून मोबाइलही काढला. पोरांनी आरती धरली, टाळ्यांचा कल्लोळ झाला, तसं बाईंनी सवयीने आवाजाचं बटण दाबलं.

सोनूबाईने नऊवारीचा पदर खोचला. रोबोला हार घातला, हळदकुंकू लावलं. मग उंबऱ्यावर नारळ फोडला आणि बाईंचं तोंड उघडायच्या आत करवंटीतलं पाणी त्याच्या डोक्यावरून सोडलं. तिला कसली शंका यायची? तिच्या जन्मात जे यंत्र कामाचं होतं, ते पाण्यातच चालत होतं.

पडद्यावरचा प्राप्तीचा फोटो एकदा थरथरला आणि विझला.

घरी त्या वेळी प्राप्तीची आई कल्पिता होती. बोटी किनाऱ्याला, म्हणून बाजाराला गेली नव्हती. तिने नंतर सांगितलं ते असं. पोरगी आधी हसत होती, आजी आली म्हणत होती. मग एकाएकी भिंतीकडे हात पसरून ओरडायला लागली. आजी, पाणी नको, आजी, नको. कल्पिताला काहीच कळेना, ती घाबरून पोरीला कवटाळत राहिली. दोन गल्ल्या पलीकडे आरती चालू होती.

सोनूबाई खोबऱ्याचा प्रसाद घेऊन घरी आली, तेव्हा चष्मा खाटेवर पडलेला होता.

"मी हाका मारल्या," प्राप्ती म्हणाली. "तू माज्याकडं बगून हसत व्हतीस."

दैव देतं आणि कर्म नेतं, ही म्हण सोनूबाईने जन्मभर दुसऱ्यांना ऐकवली होती. त्या दिवशी खोबरं हातात धरून ती उंबऱ्यातच बसली.

संस्थेचा अल्पेश नावाचा माणूस आला. भला मुलगा. त्याने रोबो उघडला, पंख्याखाली ठेवला, फुंकर घातली, पुन्हा पुन्हा बटण दाबून पाहिलं. मग बाईंना बाजूला घेऊन म्हणाला की आतला भाग जळलाय, तो इथे मिळत नाही, आणि दुसरा रोबो द्यायची सोय या योजनेत नाही. सोनूबाईने त्याचे पाय धरायला हात पुढे केला, तर तो मागे सरकला आणि लालबुंद होऊन म्हणाला, आजी, माझ्या हातात काही नाही. ते खरंच होतं. त्याच्या हातात नव्हतं, बाईंच्या हातात नव्हतं. अशा वेळी कुणी वाईट माणूस सापडला तर बरं वाटतं, निदान त्याला शिव्या घालता येतात. इथे तसा कुणीच सापडेना. जाताना अल्पेश रोबो घेऊन गेला, आणि एकटा चष्मा काय कामाचा, म्हणून तोही.

हेमांगीबाईंनी हात टेकले नाहीत. आपला मोबाइल कंपासपेटीला टेकवून त्यांनी प्राप्तीला वर्ग दाखवायचा प्रयत्न केला. पण त्याच मोबाइलवर वरच्या कचेरीतून सारखी माहिती मागायचे, फोन वाजायचा, चित्र तुटायचं, कधी नुसतं छत दिसायचं. काही दिवसांनी तेही थांबलं. रुचिका वह्या घेऊन यायची. मग एक दिवसाआड यायला लागली. पोरंच ती, त्यांना खेळायचंही असतं.

प्राप्तीने कुणाला बोल लावला नाही. फक्त घंटा झाली की मला उठवून बसवा म्हणायची, आणि भिंतीकडे बघत राहायची. टोपल्या आत आणायला गेलं की मान हलवायची. जेवणाचा घास पुन्हा तसाच राहायला लागला.

शेवटी सोनूबाईने ठरवलं, यंत्राचे डोळे मी फोडले, तर त्या जागी माझे डोळे. ती शाळेत गेली आणि रुचिकाच्या बाकाशेजारी, रोबो उभा असायचा तिथे, भुईवर बसली. पोरं हसली. बाईंनी त्यांना गप्प केलं, म्हातारीला खुर्ची दिली आणि स्वतः फळ्याकडे तोंड फिरवलं. सोनूबाई दिवसभर हलली नाही. बाईंच्या तोंडाकडे, फळ्याकडे, खडूकडे डोळे फाडून बघत राहिली. शिकायला म्हणून ती शाळेची पायरी कधी चढली नव्हती, चढली होती ती हातात नारळ घेऊन.

संध्याकाळी तिने खाटेशी बसून सगळं सांगितलं. कोण उशिरा आलं, कोणाला बोलणी बसली, रुचिकाने केसाला लाल रिबीन लावली होती. प्राप्ती ऐकत होती. तिच्या डोळ्यांत थोडं पाणी आलं की थोडी चमक, म्हातारीला कळेना.

"आनि फल्यावर काय लिवलं व्हतं?"

"लय लिवलं व्हतं. पुरा फला भरला."

"पन काय?"

 सोनूबाई उठली, त्या कोऱ्या भिंतीपाशी गेली आणि आठवून आठवून बोटाने चुन्यावर गिरवायला लागली. एक उभी रेघ. तिला एक आकडी, गळाच्या काट्यासारखी. त्याच्या पुढे काहीतरी गोल होतं. गोलाच्या आधी काय होतं ते आठवेना. तिने पुसलं, पुन्हा गिरवलं.  अक्षर होतं की आकडा, हेही तिला माहीत नव्हतं.

"एवढंच ध्यानात रायलं गो," ती म्हणाली.

प्राप्तीने भिंतीवरचं गिरवणं पाहिलं. मग म्हणाली, "व्हय आजी. कललं."

सोनूबाईने आयुष्यभर बाजारात मासळी विकली होती, खोटं बोलणारं तोंड तिला लांबून ओळखता यायचं. पोरगी आपल्यासाठी खोटं बोलली, हे तिला कळलं.

"आजी," प्राप्ती म्हणाली, "त्या टोपल्या परत हितं ठेव. भायेर भिजतील."

सोनूबाईने पडवीतून एकेक टोपली आणली आणि भिंतीला लावून ठेवली.