बूट उद्या मिळतील

मित्रांनो, मी एक जुने कपाट आहे, आणि तेही बुटांचे. नाक मुरडू नका. तो हक्क कोणाचा असलाच तर माझा आहे, आणि तीस वर्षांत मी तो एकदाही बजावलेला नाही.

एका सुताराने सामानाच्या खोक्यांच्या फळ्या जोडून मला घडवले. माझ्या डाव्या दारावर 'काळजीपूर्वक हाताळा' ही अक्षरे अजूनही दिसतात, उलटी का होईना. तसे हाताळले मात्र कोणीच नाही.

उंच खिंडीच्या अलीकडच्या शेवटच्या गावातील पाहुणेघरात, दारातून आत येताच उजव्या हाताला मी उभे आहे. गाव इतके उंचावर आहे की पाणी लवकर उकळते, पण बटाटे शिजता शिजत नाहीत. घराच्या मालकीणबाईंना सगळे आत्या म्हणतात. आत्याचा एक नियम होता. नवा पाहुणा आला की त्याचे बूट माझ्यात जात, कुलूप लागे आणि किल्ली तिच्या कमरेला.

"बूट उद्या मिळतील. आज बसा, पाणी प्या, खिडकीतून डोंगर बघा."

"अहो, मी रोज पाच किलोमीटर धावतो," एखादा म्हणे.

"मग घरी गेल्यावर धावा. आधी इथल्या हवेशी ओळख होऊ दे."

एक इंजिनियर तर सपाता घालूनच टेकडीवर गेला. तासाभराने पांढराफटक होऊन परतला आणि मलाच टेकून बसला. आत्या रागावली नाही. "डोकं दुखत असेल तर सांगायचं, लपवायचं नाही," एवढेच ती म्हणाली. डोके दुखायचे थांबेपर्यंत तिने त्याला वर जाऊ दिले नाही. कोणाचा त्रास वाढतोय असे वाटले की ती त्याला जमिनीच्या फळ्यांमधल्या सांध्यावरून, एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटे लावत चालायला सांगे. तोल गेला की प्रश्नच नाही. तिचा मुलगा जीप काढी आणि पाहुणा लगेच खाली रवाना होई. लोक चिडत, बडबडत. पुढे त्यांचीच आभाराची पत्रे येत आणि ती माझ्या माथ्यावर पडून राहत.

गेल्या वर्षी आत्या लेकीच्या बाळंतपणासाठी खाली सपाटीवर गेली. चार महिने राहिली आणि एका दिवसात जीपने थेट वर आली. पाहुणे यायचे होते आणि मागच्या चढावरची पाण्याची टाकी गळत होती. ती बुटांसकट माझ्यासमोरून तरातरा निघाली.

सून म्हणाली, "आई, आजचा दिवस बसा ना."

"मी काय पाहुणी आहे?"

मित्रांनो, त्या क्षणी मला हात असते तर मी तिचा पदर धरला असता. मी नुसतेच कुरकुरले, आणि माझ्या बिजागरीच्या कुरकुरीकडे या घरात कोणी लक्ष देत नाही. त्या दिवशी तिने टाकीपर्यंत तीन खेपा केल्या. दुसऱ्या दिवशी खोकला सुरू झाला, पण तिने चकार शब्द काढला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती एका पाहुण्याचे बूट काढायला माझ्याकडे आली. किल्ली कुलपात जाईना. ती मला टेकून उभी राहिली, तेव्हा तिच्या छातीत पाणी खदखदल्यासारखा आवाज मी ऐकला. मी फार घाबरले. सुनेनेही ते पाहिले. सासूपुढे कधी मान वर न करणारी ती बाई जवळ आली.

"आई, सांध्यावरून चालून दाखवा."

आत्या चार पावले चालली आणि तिने माझे दार धरले. "पाय घसरला."

"घसरला नाही. पाहुण्यांना काय सांगता तुम्ही?"

आत्याने खाली सांध्याकडे पाहिले. मग म्हणाली, "खाली जा म्हणते."

"मग चला."

सुनेने तिच्या पायातले बूट उतरवले, जाड मोजे चढवले आणि बूट माझ्यात ठेवून कुलूप लावले. मुलाने तिला उचलून जीपमध्ये बसवले, नाकाला ऑक्सिजन लावला आणि गाडी खाली नेली. खालच्या दवाखान्यातील डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसांत पाणी झालंय, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं. इथलाच माणूस बरेच दिवस खाली राहून परतला, तर त्यालाही इथल्या हवेशी नव्याने ओळख करून घ्यावी लागते.

अकरा दिवस तिचे बूट मी सांभाळले. एकही दिवस मला चैन पडले नाही.

मग आत्या आली. या वेळी वाटेत दोन मुक्काम करून. दारातच वाकून तिने लेकीने दिलेले नवे बूट काढले, जुन्यांशेजारी ठेवले, कुलूप लावले आणि किल्ली सुनेच्या हातात दिली. मग बाकावर पाहुण्यांशेजारी जाऊन बसली.

"आत्या, तुम्हीसुद्धा?" एकाने विचारले.

"मीसुद्धा आजच आलेय," ती म्हणाली.

मित्रांनो, प्रत्येक घरात माझ्यासारखे कपाट नसते. म्हणून उंचावर आलात की पहिल्या दिवशी आपले बूट आपणच आवरून ठेवा. आणि जमलेच तर मोजे धुतलेले आणा.