कोंबडीच्या उलट्या तारा

गोष्ट दोन हजार सतरा सालची. लढाऊ रोबोंच्या सामन्यांना तेव्हा आजच्यासारखी गर्दी होत नसे. जुन्या गोदामात जाड काचेचा पिंजरा उभा करायचे, त्यात दोन यंत्रं सोडायचे, आणि बाहेर मंडळी लाकडी बाकांवर बसून ओरडायची.

अशा एका यंत्राचं नाव होतं कोंबडी. ते घरातल्या तिघांचं होतं. ताई पन्नाशीची, मालगोदामात फोर्कलिफ्ट चालवणारी. रिमोट तिच्या हातात. धाकटा भाऊ घरगुती यंत्रं दुरुस्त करी, सांगाडा त्याचा. त्याची बायको, म्हणजे वहिनी, इलेक्ट्रिक स्कूटरच्या कारखान्यात होती. तारा आणि मोटारी तिच्या. समोर गरगर फिरणारं पोलादी पातं होतं, त्याने कोंबडी दुसऱ्याला टोचायची.

त्या वर्षी वहिनीने चाकांच्या मोटारी बदलल्या. आधी ड्रिलच्या होत्या, आत कार्बन घासणाऱ्या, जड पण भरवशाच्या. नव्या ब्रशलेस, म्हणजे कार्बन न घासणाऱ्या. मुठीत मावतील एवढ्या, वजन निम्म्याहून कमी. वाचलेलं वजन तिने पात्यात घातलं.

"पण ही तोतरी आहे गं," पहिल्याच दिवशी ताई म्हणाली. "निघताना त-त-प-प करते."

"ताई, मोटर फिरवणाऱ्या कंट्रोलरला तिच्या आतला चुंबक कुठे आहे ते दिसत नाही. मोटर फिरायला लागली की त्याला कळतं. म्हणून तुम्ही थांबायचंच नाही. चालत्या गाडीने धडकायचं, बाजूला व्हायचं, पुन्हा यायचं."

"थांबून रेटायचं नाही?"

"अजिबात नाही."

आता ताईचा जन्म गेला होता रेटण्यात. फोर्कलिफ्ट मालाला लावायची, क्षणभर थांबायचं आणि मग जोर. कोंबडीही ती तशीच चालवायची, नाकाला नाक लावून, आणि जुन्या मोटारींनी तिला कधी दगा दिला नव्हता. जित्याची खोड म्हणतात ना, तसं होतं ते. स्वयंपाकघरातल्या फरशीवर तिने आठवडाभर सराव केला. समोर काही नसलं की कोंबडी सुसाट. समोर खुर्चीचा पाय आला की ताईचा हात थांबायचा आणि मग रिमोटची दांडी पुढे रेटायचा. मोटारी जागच्या जागी थरथरायच्या.

"मोटारींना वळण लावायचं की मला?" ती चिडून विचारी. वहिनी चाकात अडकलेले केस काढत बसे.

व्हायचं तेच झालं. पहिल्या लढतीत ताईने समोरच्याला कोपऱ्यात गाठलं, थांबली आणि रेटलं. उजवी मोटर थरथरली, तिचा कंट्रोलर धूर सोडून गेला आणि पंचांनी कोंबडीला बाद केलं. हरलेल्यांना आणखी एक संधी असे, तेवढीच उरली.

दुरुस्तीच्या टेबलाशी आल्यावर भाऊ खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, ही लढत तू घे. पण हरलीस, तर पुढच्या वर्षापासून रिमोट हिच्याकडे."

"हिने सांगितलं?"

"मी काही सांगितलं नाही हं," वहिनी जळका कंट्रोलर उचकटताना म्हणाली. "माझ्या नावावर बिलं फाडू नका."

ताईने रिमोट छातीशी धरला. नवरा गेल्यापासून गोदाम आणि घर यांच्यामध्ये तिला एवढं एकच ठिकाण उरलं होतं जिथे लोक तिची वाट बघायचे. तेही गेलं तर रविवारी कुठे जायचं, हे तिला खरोखरच माहीत नव्हतं.

वहिनीने नवा कंट्रोलर बसवला. अशा मोटारीला तीन तारा असतात. कशाही जोडल्या तरी मोटर फिरते, फक्त दोन तारांची अदलाबदल झाली तर उलटी फिरते. लढतीआधी यंत्रांचं वजन करणारा माणूस हाका मारत होता. कोंबडी उचलून धरली, दोन्ही चाकं फिरली, "चला!" कुठल्या दिशेला फिरली ते कोणी पाहिलं नाही.

समोर होता वेल्डर नावानेच ओळखला जाणारा गडी आणि त्याचं पाटासारखं बुटकं यंत्र. सुरुवातीचा दिवा लागला. ताईने दांडी पुढे केली. कोंबडी भोवऱ्यासारखी जागीच फिरली. बाकांवर हशा पिकला.

"वहिनी! काय करून ठेवलंस?" ताई ओरडली.

वहिनीचा चेहरा पांढरा पडला, पण डोकं ठिकाणावर होतं. "उजवीच्या तारा उलट्या लागल्या! ताई, दांडी उजवीकडे केली की पुढे, डावीकडे केली की मागे!"

"आणि पुढे केली तर?"

"गिरकी!"

ताईने दांडी उजवीकडे नेली. कोंबडी सरळ निघाली. वेल्डरचं यंत्र समोर आलं आणि सवयीने ताईच्या हाताने दांडी पुढे रेटली. रेटण्याऐवजी कोंबडीने गिरकी घेतली. मोटारी थांबल्याच नाहीत, थरथरल्याच नाहीत. वेल्डरचं यंत्र रिकाम्या जागेत घुसलं आणि फिरत्या पात्याने त्याची कड खरवडली. पुन्हा तेच. हात रेटायला जायचा आणि कोंबडी निसटायची. तिसऱ्या गिरकीत त्याचं चाक तुटून काचेवर आदळलं. पंचांनी दहापर्यंत अंक मोजले. वेल्डरचं यंत्र हललं नाही. कोंबडी जिंकली.

"सुंठीवाचून खोकला गेला," भाऊ म्हणाला.

वहिनी पाना घेऊन खाली वाकली होती. "एका मिनिटात सरळ करते, ताई. चूक माझी."

"हात लावू नकोस," ताई म्हणाली. "तारा सरळ केल्यास, तर मी परत रेटेन. मला माझा हात माहीत आहे."

वहिनीने तिच्याकडे पाहिलं आणि पाना खिशात ठेवला. "मग दांडीवर खूण करून देते. उजवीकडे बाण."

"दे."

पुढची लढत ते हरले, पण चांगल्या यंत्राशी आणि चालत्या मोटारींनी. रिमोटची गोष्ट भावाने पुन्हा काढली नाही.

ताईने नंतर आणखी पाच वर्षं कोंबडी चालवली, उलट्या तारांनीच. दुसऱ्या कोणाला ती चालवता येत नसे. मग डोळ्यांनी साथ सोडली. वेल्डरने पुढच्याच वर्षी ब्रशलेस मोटारी घेतल्या आणि त्यांच्याविषयी वहिनीला विचारायला तो घरी आला. तो आता पंच आहे, फार कडक. भावाची पाठ दुखते, तो यंत्रं उचलत नाही, नुसती नावं ठेवतो. वहिनी कारखान्यात मोटर विभागाची प्रमुख झाली आणि मुदतीआधीच निवृत्त झाली. ताई तिच्याच घरी राहते. रविवारी दोघी बाकावर बसतात, आणि काचेआड काय चाललंय ते वहिनी तिला सांगते.