मंगळवारची पानं

दुरुस्तीवाल्याने कॉम्प्युटरच्या खोक्याची एक बाजू काढली, चार स्क्रू बशीत ठेवले आणि आतली धूळ ब्रशने झटकायला घेतली. टायपिंगवाल्या बाई नाकाला रुमाल लावून खिडकी उघडायला उठल्या.

"बाई, आत एका पालीने संसार केलेला दिसतोय."

"मला विचारून केला नव्हता," बाई म्हणाल्या.

कॉम्प्युटर विकला गेला होता. उद्या सकाळी एक शिकवणीवाले सर तो घेऊन जाणार होते. त्याआधी आतली हार्ड डिस्क कोरी करून द्यायची, एवढंच उरलं होतं. बाईंच्या मते तेही उरलं नव्हतं. काल दुपारी त्यांनी एकेक फाइल स्वतः पुसली होती, पडद्यावरची कचऱ्याची टोपलीही रिकामी केली होती आणि मग हात धुऊन चहा घेतला होता.

"मी सगळं पुसलंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही नुसती धूळ साफ करा."

दुरुस्तीवाल्याने झाकण लावलं, स्क्रू पिळले, खिशातला पेन ड्राइव्ह मागच्या बाजूला खुपसला आणि मशीन सुरू केलं. दहा-बारा मिनिटं पडद्यावर एक हिरवी पट्टी सरकत राहिली. मग नावांची यादी उतरायला लागली आणि तो मोठ्याने वाचू लागला.

"खोकणारे एक. खोकणारे दोन. दोन छत्र्या. रागीट जावई. मंगळवार एक, मंगळवार दोन..."

"थांबा," बाई म्हणाल्या.

"तुम्ही काय केलंत, दारावरची पाटी काढलीत. माणसं आत तशीच आहेत." त्याने खुर्ची वळवली. "खरं पुसायचं तर प्रत्येक खोलीत शून्यं भरायची, काठोकाठ. पुन्हा कुणाला शिरायला जागाच ठेवायची नाही. चार तास लागतात."

"म्हणजे उद्या त्या सरांनी..."

"सरांनी कशाला? त्यांच्याकडे येणारी पोरं काय कमी आगाऊ असतात?"

बाई पलंगाच्या कडेवर बसल्या. एकतीस वर्षांची अब्रू एका दुपारच्या अज्ञानाने धुळीला मिळता मिळता राहिली होती.

एकतीस वर्षं त्या याच खोलीत टायपिंग करत होत्या, आधी मशीनवर आणि मग कॉम्प्युटरवर. मृत्युपत्रं, राजीनामे, घटस्फोटाचे अर्ज, भावाने भावाविरुद्ध केलेल्या तक्रारी, माफीची पत्रं. चौकातल्या दुकानात टायपिंग स्वस्त होतं, पण तिथे रांगेतला प्रत्येक जण पुढच्याच्या खांद्यावरून मान लांब करायचा. ज्याला झाकून न्यायचं असेल तो एक जिना चढून बाईंकडे यायचा. नवीन माणूस आला की कागद हातात घेतानाच बाई सांगायच्या, "मी टाइप करते, वाचत नाही." आणि ते खरं होतं. अक्षरं डोळ्यांतून शिरायची नि बोटांतून बाहेर पडायची, आणि मधल्या मध्ये डोकं दुसरंच काही करत असायचं, दळण, वीजबिल, गुडघा. कुणाचं गुपित पोटात ठेवायचा प्रश्नच नव्हता, ते पोटापर्यंत पोचतच नव्हतं. फाइललाही त्या माणसाचं नाव द्यायच्या नाहीत, आपल्यालाच कळेल अशी खूण ठेवायच्या.

याचं त्यांना मिळालं ते असं, की सगळ्या वस्तीचा त्यांच्यावर विश्वास होता आणि सोबत कुणाचीच नव्हती. ज्याचं मृत्युपत्र त्यांनी टाइप केलं तो रस्त्यात समोरून आला की दुकानांच्या पाट्या वाचू लागायचा. अर्जवाल्या बायका पलीकडच्या फुटपाथवर जायच्या. आपलं झाकलेलं जिच्या हातून गेलं तिच्या नजरेला नजर द्यायला कुणाला आवडणार? बाईंनी ते धंद्याचाच भाग म्हणून घेतलं होतं. रविवारी मात्र जड जायचं.

गेल्या महिन्यात डोळ्यांनी दगा दिला होता. सरळ पाहिलेला शब्द नाहीसा व्हायचा आणि त्याच्या आजूबाजूचे तेवढे दिसायचे. हे आता परत यायचं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. बोटं अजून चालत होती, पण समोरचा कागद दिसल्याशिवाय बोटांनी काय लिहायचं?

"करा सुरू तुमची शून्यं," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

बाहेर चाळिशीच्या आसपासची एक स्त्री उभी होती. खांद्यावर प्रवासाची बॅग, हातात एक लहानसं कार्ड, कडा मऊ पडलेलं. बाईंचंच कार्ड होतं ते.

"काकू, माफ करा. या इमारतीत माझ्या आईची एक मैत्रीण राहते. सगळे मजले विचारून झाले, कुणालाच काही माहीत नाही. आईच्या पर्समध्ये हे कार्ड होतं, म्हणून म्हटलं..."

"कशा दिसतात आई?"

"उंच. डाव्या पायाने जरा लंगडायची. दर मंगळवारी चार वाजता मैत्रिणीकडे जाते म्हणायची, गेली दोन वर्षं. मी दुसऱ्या गावी असते. मंगळवारी फोन केला की हेच, आज वेळ नाही गं, मैत्रिणीकडे जायचंय."

लंगडायची म्हणते आहे, लंगडते नाही, हे बाईंच्या लक्षात आलं.

"गेल्या का?"

"पाच आठवडे झाले. दोन दिवसांचं दुखणं." मुलीने कार्ड उलटसुलट केलं. "त्या मैत्रिणीला कुणी कळवलंच नसणार. ती बिचारी वाट बघत असेल. आणि खरं सांगू? मला आईबद्दल कुणाशी तरी बोलायचंय. आमच्याकडे आता तिला ओळखणारं कुणी उरलं नाही."

बाई दाराची कडी धरून उभ्या होत्या. मंगळवारवाल्या बाईंना त्या चांगल्या ओळखत होत्या, म्हणजे त्यांच्या येण्याला. चार वाजता यायच्या, हाताने लिहिलेली दोन-तीन पानं द्यायच्या, टाइप होईपर्यंत समोरच्या खुर्चीत बसून राहायच्या. छापून देऊ का विचारलं की म्हणायच्या, "राहू दे तुमच्याकडेच." प्रत्येक पान 'प्रिय मैत्रिणीस' असं सुरू व्हायचं. तेवढं मात्र डोक्यात शिरलं होतं, कारण ते दर वेळी तेच असायचं. पाच आठवड्यांपूर्वी त्यांचं येणं थांबलं तेव्हा बाईंनी, काम संपलं असेल, असं मनाशी म्हटलं आणि खुर्ची भिंतीला लावून ठेवली. गिऱ्हाईक का आलं नाही हे विचारायचं नसतं.

"त्या माझ्याकडे टायपिंगला यायच्या," बाई म्हणाल्या.

"टायपिंगला? काय टाइप करायला?"

"ते मला माहीत नसतं. मी टाइप करते, वाचत नाही. आणि एकाचं दुसऱ्याला देत नाही."

"मी तिची मुलगी आहे, काकू."

"हो ना."

मुलीने वाद घातला नाही. कार्डाच्या मागे आपला नंबर लिहून ते बाईंना दिलं, मैत्रिणीचं नाव कुठे सापडलं तर एवढं कळवा म्हणाली, आणि जिना उतरून गेली. बाईंनी दार लावलं. मन चरफडत होतं. नियम पाळला याचं समाधान एरवी लगेच यायचं, आज ते आलं नाही.

दुरुस्तीवाल्याने सगळं ऐकलं होतं. तो पडद्याकडे बघत म्हणाला, "एकदा सुरू केलं की मग ब्रह्मदेवालाही परत आणता यायचं नाही. काही ठेवायचं असेल तर आत्ताच सांगा."

बाई उभ्याच राहिल्या. कुठेतरी एक म्हातारी बाई मंगळवारी चार वाजल्यापासून दाराकडे कान लावून बसत असेल. ही रागावली का, आपलं काही चुकलं का, असं मनाला लावून घेत असेल. तिला निदान कळायला हवं. नाव, पत्ता, एवढंच बघायचं, बाकी काही नाही.

"मंगळवारची एक फाइल उघडा," त्या म्हणाल्या. "अक्षर होईल तेवढं मोठं करा. आणि तुम्ही जरा बाहेर जाऊन या."

"मी वाचून दाखवू?"

"नको."

तो गेला. बाई पडद्यासमोर बसल्या. शब्दाकडे सरळ न बघता थोडं बाजूला बघायचं, की तो कडेने सापडतो, हे त्या या महिन्याभरात शिकल्या होत्या. असा एकेक शब्द वेचत त्या पुढे सरकल्या.

'प्रिय मैत्रिणीस. आज तुझ्या बोटाला पट्टी होती. चिरलं की भाजलं ते विचारणार होते, पण काम चालू असताना बोललेलं तुला खपत नाही. ते बोट एकेका अक्षराला अडत होतं आणि दर वेळी तुझ्या कपाळाला आठी पडत होती. घरी गेल्यावर मलम लाव.'

बाईंनी हात मांडीवर घेतले. मागच्या थंडीत सुरी लागली होती, आठवडाभर पट्टी होती. म्हणजे हे वाक्य लिहिलं ते त्याच पट्टीच्या बोटाने. त्याच बोटाने, अडत अडत, 'पट्टी' हा शब्दसुद्धा.

त्यांनी दुसरी फाइल उघडली. 'पायाचं दुखणं वाढलंय, जिना चढताना दोनदा थांबते. मुलगी म्हणते बाहेर कशाला जातेस. तिला सांगितलं, मैत्रिणीकडे जाते. खोटं बोलले असं नाही वाटलं.' तिसरीत फार काही नव्हतं, पाणी दोन दिवस आलं नव्हतं, शेजारचं कुत्रं रात्रभर भुंकत होतं. शेवटी होतं, 'तू वाचत नाहीस म्हणतेस, म्हणून तर लिहायला धीर होतो. तरी दर वेळी वाटतं, आज हिची मान वर होईल. होईल तेव्हा होईल. मला इथे बसायला बरं वाटतं.'

डोळ्यांना पाणी आल्यावर कडेचे शब्दही दिसेनासे झाले. शहाण्णव फाइली होत्या. शहाण्णव वेळा एक माणूस समोर बसून त्यांच्याशी बोललं होतं, आणि त्यांनी एकही चूक न करता सगळं टाइप केलं होतं. आपल्या या शिस्तीची त्यांना आयुष्यात पहिल्यांदा लाज वाटली.

दुरुस्तीवाला परत आला तेव्हा त्या खुर्ची सोडून उठल्या होत्या.

"सापडलं नाव?"

"सापडलं."

"बरं झालं. मग ठेवायचं काय काय?"

"मंगळवारच्या सगळ्या ठेवा. त्या माझ्या आहेत."

त्याने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. खिशातून दुसरा पेन ड्राइव्ह काढला आणि त्यावर शहाण्णव फाइली उतरवल्या. मग पुसण्याचा प्रोग्राम लावला आणि कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला. शेवटची कळ मालकाने दाबायची, हा त्याचा नियम होता, मागून कटकट नको. बाईंनी न बघता ती दाबली. खोकणारे, दोन छत्र्या, रागीट जावई, सगळ्यांवर शून्यं पडायला लागली. पडद्यावर एक टक्का झाला, मग दोन.

बाईंनी कार्ड दुरुस्तीवाल्याला दिलं, नंबर लावून मागितला आणि फोन घेऊन खिडकीपाशी गेल्या.

"मी टायपिंगवाली बोलतेय. आहात का अजून गावात?"

"हो, स्टँडवर आहे. सापडली का काकू, आईची मैत्रीण?"

"सापडली."

"मग? माहीत होतं तिला?"

"नाही. आज तुमच्याकडूनच कळलं." बाई थांबल्या. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलला हवा भरत होतं. "तुमच्या आईने तिला पत्रं लिहिलीत. दर आठवड्याला एक. सगळी तिच्याजवळच आहेत, पण तिने वाचली नाहीत."

"का?"

"चूक झाली तिची. आणि आता तिला दिसत नाही. कुणीतरी वाचून दाखवायला हवं."

पलीकडे गाड्यांचा, गर्दीचा आवाज येत होता. मग तो कमी झाला, मुलगी बाजूला येऊन उभी राहिली असावी. तिचा आवाज बदलला होता.

"किती पत्रं आहेत?"

"शहाण्णव."

"एका दिवसात नाही व्हायची, काकू."

"नाही व्हायची," बाई म्हणाल्या. "मला घाई नाही. तू ये."