फेस न धरणारी बाटली

भावासाठी देह कापून देणारी माणसं केवळ पुराणात नसतात, गोव्यातल्या आमच्या लाटंबार्सेतही असतात. फक्त लाटंबार्सेतली माणसं आधी विचारून घेतात, की मार्चपर्यंत टाके सुकतील ना, काजूचा हंगाम चुकायला नको.

हे विचारणारा बाबली, माझा धाकटा भाऊ. काजूची भट्टी लावतो, उत्तम फेणी गाळतो आणि स्वतः थेंब चाखत नाही. यकृत सडलं ते माझं. मी पेडण्याच्या कचेरीत चहावर जगलेला कारकून. कधीकाळच्या कुठल्याशा सुईतून आलेल्या काविळीनं ते हळूहळू खाल्लं. तपासणीत बाबलीचं यकृत तान्ह्या मुलासारखं स्वच्छ निघालं, तेव्हा मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी त्याचा धंदा दोनदा विचारून लिहून घेतला.

ही गोष्ट २००९ची. तोवर आम्ही बावीस वर्षं बोलत नव्हतो. गोव्याची राजभाषा कोणती, या आंदोलनात मी मराठीच्या मोर्चात होतो, तो कोकणीच्या. ज्या भाषेत भांडलो ती दोघांचीही एकच होती. तिला नाव काय द्यायचं, एवढाच प्रश्न होता. यकृत द्यायचं ठरलं तेही बायकांमार्फत. त्याची सत्यवती माझ्या सुशीलेला फोनवर म्हणाली, "हे देतत म्हणतत. पण बोलूचे नाय."

ऑपरेशन जानेवारीत झालं. त्याचा तुकडा माझ्या पोटात दुसऱ्या दिवसापासून कामाला लागला. माझ्या कचेरीत असं कधी कोणी लागलेलं मी पाहिलं नव्हतं.

चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाई माझ्या खाटेशी आल्या. "तुमच्या भावाच्या रक्तातलं फॉस्फरस एकवर आलंय. अडीचच्या वर हवं." त्याचं उरलेलं यकृत झपाट्यानं वाढतंय, मिळेल ते फॉस्फरस ओढून घेतंय, म्हणून स्नायूंना काही उरत नाही, असं त्यांनी समजावलं. कप उचलवत नाही. श्वास तोकडा पडतोय. असंच राहिलं तर यंत्र लावावं लागेल. "दोन दिवस सलाइनमधून देतोय, तरी चढत नाही. ते घरी करतात काय?"

"फेणी गाळतो."

त्यांनी तिसऱ्यांदा लिहून घेतलं.

मी चाकांच्या खुर्चीसाठी हट्ट धरला. बाबली गुदमरून गेला, तर त्याचा तुकडा पोटात घेऊन लाटंबार्सेत कुठल्या तोंडानं जायचं? दुसरा विचारच डोक्यात नव्हता.

खुर्ची त्याच्या दारात पोचली, तेव्हा सत्यवती औषधाची बाटली आकड्यावरून काढून खिडकीच्या उजेडात हलवत होती. बाबलीनं एक डोळा उघडून पाहिलं. बुडबुडे लगेच फुटले. त्यानं मान हलवली, आणि सत्यवतीनं नळीवरची चाकी फिरवून थेंब बंद केले.

मला समजायला वेळ लागला नाही. आमच्या बापाचीही हीच रीत. फेणी हलवून बघायची. बुडबुडे काठाला टिकले तर माल कडक, लगेच फुटले तर पाणी. न पिणाऱ्या बाबलीचा सगळा धंदाच त्या बुडबुड्यांवर. दोन दिवस हेच चाललं असणार: नर्स चाकी उघडून जायची, तिची पाठ वळली की सत्यवती बंद करायची.

"दादा, ह्यात कायएक नाय," सत्यवती मला म्हणाली. "पाणीच असा. कापलेल्या पोटात पाणी कित्याक भरूचा?"

"बाबल्या," मी म्हणालो. बावीस वर्षांनंतरचा पहिला शब्द. "चाकी उघडूक सांग."

"फेस... खंय असा?" एवढ्याला त्याचे दोन श्वास गेले.

"ही फेणी नाय. ह्येची परीक्षा रक्तात करतत."

"मराठीवाल्यांका... ह्या कोणी शिकयला?"

"उघड, नायतर तुझो तुकडो परत घे!"

तो हसायला गेला, पण तेवढाही दम नव्हता. "दिलेलो माल... मी परत घेणंय नाय." मग सत्यवतीकडे बघून त्यानं बोट हलवलं. चाकी उघडली. नर्सनं हाकलेपर्यंत मी थेंबांकडे बघत बसलो. मोर्चात दिलेल्या कुठल्याही घोषणेपेक्षा ते मला मोलाचे वाटले.

दुसऱ्या दिवशी फॉस्फरस पावणेदोन झालं. तिसऱ्या दिवशी दोन पूर्णांक आठ. बाबलीनं इस्पितळाचा चहा स्वतःच्या हातानं उचलला, एक घोट घेतला आणि म्हणाला, "ह्यात पण कायएक नाय."

मला त्याचे आभार मानायचे होते. मराठीसाठी मी चौकाचौकात तास तास बोललेला माणूस. त्या खोलीत एक वाक्य जुळेना. शेवटी कुणी काही दिलं की आई कोकणीत म्हणायची, तेच तोंडातून गेलं. "देव बरें करूं."

बाबलीनं कप खाली ठेवला. मग शाळेत धडा म्हणावा तसं शुद्ध मराठीत म्हणाला, "आभारी आहे."

सत्यवती पदर तोंडाला लावून बाहेर गेली. मीही तोंडावर बांधलेल्या पट्टीच्या आत नाक ओढलं.

निघताना मी डॉक्टरीणबाईंना हात जोडून म्हटलं, की तुम्ही वेळेवर सांगितलंत म्हणून माझा भाऊ वाचला. त्या रिपोर्ट चाळत म्हणाल्या, की यकृत देणाऱ्या बहुतेकांचं फॉस्फरस असं उतरतं, आणि आठवड्याभरात बहुतेकांचं आपोआप वर येतं.