न धुतलेला खिसा

आमच्या घरात एक दिवस लेंड्या मोजून आनंद साजरा होईल, असं लग्नाआधी मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला गार पाणी पाजून वाटेला लावलं असतं.

लेंड्या राखुंडीच्या. राखुंडी ही माझ्या सासूबाईंची चिंचिला. खारीसारखी शेपटी, उंदराचे मोठे गोल कान आणि हात लावला तर लावलाय की नाही ते कळू नये इतकी मऊ लव, असा ओंजळीत जेमतेम मावणारा प्राणी. पाण्याशी वाकडं, अंघोळ करायची ती बारीक मातीत लोळून. सासूबाईंची कारखान्यातली मैत्रीण गाव सोडून मुलीकडे राहायला गेली, तेव्हा पिंजऱ्यासकट एक जोडी यांच्या गळ्यात घालून गेली. पहिले आठ दिवस सासूबाई त्यांना "त्या घुशी" म्हणत होत्या. नवव्या दिवशी नावं पडली. मादी सदा राखेतून उठून आल्यासारखी दिसायची म्हणून ती राखुंडी. नर जाडजूड, करडा, जिथे बसेल तिथून न हलणारा, म्हणून ढगोबा.

ढगोबा रविवारी गेला. वय झालं होतं त्याचं. सकाळी पिंजऱ्यात टांगलेल्या झोळीत निजला होता तो उठलाच नाही, आणि राखुंडी त्याच्या पाठीवर हनुवटी टेकून तशीच बसून होती.

सासूबाई रडल्या नाहीत. त्यांनी धुतलं. झोळी धुतली, खालची अंथरुणं धुतली, लाकडी फळ्या उकळत्या पाण्याने घासल्या, पिंजऱ्याच्या गजांवरून फडकं फिरवलं. मी म्हटलं, "आई, बसा जरा." तर म्हणाल्या, "बसून काय करू? तूच सांग." आणि बादली उचलून बाहेर गेल्या.

राखुंडीने त्या दिवसापासून चारा सोडला.

मंगळवारी आम्ही तिला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पोट चाचपलं, दात बघितले. आजार काही नाही म्हणाल्या. "जोडीदार गेलाय, म्हणून बसलीये. पण यांचं आतडं चालत राहावं लागतं. थांबलं की दोन-चार दिवसांत खेळ खलास. हे हिरवं पीठ कालवून सिरिंजने भरवा. त्यावर तग धरेल. पण शुक्रवारपर्यंत हिने स्वतःहून दात चालवले पाहिजेत. नाही चालवले, तर मग माझ्याही हातात फारसं काही राहणार नाही."

"आणि तोवर आम्ही काय हातावर हात ठेवून बसायचं?" सासूबाईंनी विचारलं.

"तिला टेकायला काहीतरी शिवा. थंडीच्या जाकिटाला आतून असतं ना, ते फ्लीसचं कापड घ्या. त्याचे धागे सुटत नाहीत. आत भरायलाही त्याच्याच चिंध्या. कापूस नको, बटण नको, आणि टाका एकही बाहेर दिसायला नको. सुटलेला दोरा पायाला गुंडाळला तर पाय जातो."

"टाका बाहेर दिसायला नको," परत येताना सासूबाई स्वतःशीच म्हणाल्या. "हे कुणाला सांगतायत."

कारण सासूबाई कपड्यांच्या कारखान्यात तीस वर्षं चेकर होत्या. शिवून आलेला प्रत्येक पीस त्यांच्या टेबलावरून जायचा, आणि जिथे टाका चुकला असेल तिथे त्या लाल बाणाचा एक इवलासा स्टिकर चिकटवायच्या. निवृत्त होताना लोक घड्याळ आणतात. यांनी स्टिकरचं अर्धं रीळ आणलं. माझ्या पडद्यांवर, माझ्या उशांच्या अभ्र्यांवर, एकदा तर पोळीवरसुद्धा मला लाल बाण सापडलाय. पण स्वतः शिवायचं त्यांनी दोन वर्षांपूर्वी सोडलं. बोटांची पेरं सुजतात, वाकडी झालीत. सुई धरली की हात थरथरतो आणि त्या ती ताबडतोब खाली ठेवतात, कुणी बघितलं तर नाही ना असं बघत.

म्हणजे शिवायचं मी.

माझी दौलत म्हणजे ठमीच्या दुपारच्या दोन झोपा. ठमी माझी मुलगी, सात महिन्यांची. तिची एक गंमत आहे. ती शिलाई मशिनच्या आवाजावर झोपते आणि मशिन थांबलं की डोळे उघडते. त्यामुळे विचार करायचा तोही मशिन चालू ठेवून. माझ्याकडे चिंध्यांवर मारलेल्या निरर्थक शिलाईचे दोन डबे आहेत.

मी नवऱ्याचं जुनं करडं जाकीट कापलं. त्यातून हुबेहूब ढगोबा शिवला. गोल कान, झुपकेदार शेपटी, पोटावर जाकिटाच्या आतल्या खिशाचा फिकट तुकडा, डोळ्यांच्या जागी काळ्या फ्लीसचे दोन ठिपके. मीच तोंडात बोट घातलं, इतका गोड झाला होता. नवरा संध्याकाळी दारातूनच म्हणाला, "अरे वा! पण या ढगोबाला माझा खिसा कसा काय?"

"तुझंच जाकीट आहे."

"विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास."

सासूबाईंनी चष्मा लावला, खेळणं उलटंसुलटं केलं आणि कामाला लागल्या. चौदा बाण. कानाशी तीन, शेपटीशी पाच.

"ही शिवण आहे की वाट चुकलेली मुंगी?" त्या म्हणाल्या. "उसव."

बुधवारच्या दोन्ही झोपा उसवण्यात आणि पुन्हा शिवण्यात गेल्या. तेव्हा कुठे पीस पास झाला. मग सासूबाईंनी तो माझ्या हातून घेतला. कारखान्याची शिस्त होती ती. शिवलेला पीस तसाच बाहेर जात नाही. त्यांनी एकूण एक दोरा कातरला, ठमीच्या कपड्यांच्या साबणाने तो धुतला, पंख्याखाली वाळवला, वाफ दिली, ब्रश फिरवला. दुकानात मांडावा असा दिसत होता. संध्याकाळी आम्ही दोघींनी तो पिंजऱ्यात ठेवला आणि श्वास रोखून बसलो.

राखुंडी आली. मिशा थरथरल्या. तिने कानापासून शेपटीपर्यंत हुंगलं, मागे सरली, कोपऱ्यात गेली आणि आमच्याकडे पाठ करून बसली.

"सवय होईल," मी म्हटलं.

सासूबाईंनी ट्रे बाहेर ओढला. आदल्या दिवशी निदान मोहरीएवढ्या, वाळक्या चार लेंड्या तरी होत्या. आज एकच होती.

गुरुवारी सकाळी राखुंडी सिरिंजसमोरही तोंड फिरवायला लागली. सासूबाई तिला टॉवेलात धरून बसल्या होत्या आणि मऊ आवाजात दटावत होत्या, "गिळ गं बाई. एवढं गिळ. माझ्यासाठी नको, त्या डॉक्टरीणबाईंच्या फीसाठी गिळ." मला तो आवाज ऐकवेना. मी ठमीला त्यांच्या शेजारी पाळण्यात ठेवून अंघोळीला गेले.

अंगावर दोन तांबे घेते न घेते तोच ठमीने भोकाड पसरलं. मग अचानक चूप. मी घाईघाईने बाहेर आले. राखुंडीला पिंजऱ्यात सोडून सासूबाई पाळणा हलवत होत्या आणि ठमी माझा रात्रीचा उतरवलेला गाऊन नाकाशी धरून डोळे मिटत होती. हे रोजचंच. मी दिसेनाशी झाले की सासूबाई तिला तो देतात.

"आई, तो पारोसा आहे. दूध सांडलंय त्यावर. धुतलेला द्यायचा ना कपाटातला."

"धुतलेला घेऊन ती काय करेल? आईचा वास नको त्याला? धुतला की..."

त्या थांबल्या. पाळणा थांबला. आम्ही दोघींनी एकदम पिंजऱ्याकडे बघितलं.

तिथे राखुंडी एका कोपऱ्यात होती आणि दुसऱ्या कोपऱ्यात माझा हुबेहूब ढगोबा, ठमीच्या साबणाच्या वासाने घमघमत.

"मी मेली धुवायला बसले," सासूबाई पुटपुटल्या. "रविवारी सगळं धुतलं. त्याचं म्हणून काही ठेवलं नाही गं तिच्यासाठी. फळ्यासुद्धा उकळत्या पाण्याने."

त्या खुर्चीत बसल्या. हात मांडीवर, वाकडी बोटं वर करून. चार दिवसांत पहिल्यांदा त्यांचे डोळे भरलेले मी बघितले. मग त्या उठल्या, आपल्या खोलीत गेल्या आणि दारामागच्या खुंटीवरून काहीतरी काढून आणलं.

त्यांचा कारखान्यातला निळा एप्रन. पुढे मोठा खिसा, एके काळी कात्री आणि टेप ठेवायचा. निवृत्तीनंतर तो ढगोबाचा होता. रोज संध्याकाळी सासूबाई रेडिओ लावून बसायच्या आणि ढगोबा त्या खिशात उतरून डोकं तेवढं बाहेर काढायचा. राखुंडी यांच्या खांद्यावर. तासभर असं तिघांचं चालायचं.

मी खिसा उलटा केला. आत करड्या केसांचा पातळ थर होता.

"हा नाही धुतलात?"

"राहिला," त्या म्हणाल्या. घरात एक डाग राहू न देणाऱ्या बाईने हे सांगताना माझ्याकडे बघायचं टाळलं.

मी म्हटलं, "आई, नुसते केस झटकून घेऊ. एप्रन कशाला..."

"केसांनी काय होतंय? खिसाच पाहिजे. कात्री आण."

तीस वर्षांच्या त्या एप्रनचा खिसा त्यांनी स्वतः कापला, शिवणीच्या बाहेरून, एका रेषेत. मला धीर झाला नसता.

"या कापडाचे धागे सुटतात," मी म्हटलं. "कुरतडत आत पोचली तर?"

"आत पोचायला दात चालवावे लागतील. चालवले तर आपण जिंकलो. मग दुसरं शिवू. रोज दोनदा तपासायचं, बस. आणि हे बघ, फ्लीस दुहेरी घे. कान नकोत."

"कान नकोत?"

"कान कुणासाठी होते? तुझ्यासाठी. ती काय त्याचे कान बघून त्याच्यावर टेकायची?"

मी साधा लोड कापला, ढगोबाच्या लांबीचा. ठमीची पहिली झोप लागली आणि मी शिवायला घेतलं. खिसा केसांसकट आत गेला, भोवती फ्लीसच्या पट्ट्या, दाबून दाबून, उचलल्यावर हाताला भार जाणवेल इतक्या. एक तोंड उरलं. ते हाताने मिटवायचं होतं, टाके आतल्या आत लपवत.

"दे इकडे," सासूबाई म्हणाल्या.

"आई, हात दुखेल."

"दुखू दे. सुईत दोरा ओव. आणि मशिन थांबवू नकोस, कार्टी उठेल."

मी दोरा ओवून दिला. मग मशिनला दोरा न लावता एका वर्तमानपत्रावर शिलाई मारत बसले, पानामागून पान. त्या आवाजात ठमी झोपली होती आणि सासूबाई खिडकीच्या उजेडात टाका घालत होत्या. दहा बोटांतली कामाची होती चार. सुई दोनदा पडली. मी बघितलं नाही. तिसऱ्यांदा पडली तेव्हा उचलून दिली आणि पुन्हा पायडलवर पाय ठेवला. वर्तमानपत्राची चाळण झाली तेव्हा त्यांनी गाठ आत ढकलली आणि म्हणाल्या, "झालं. आणि खबरदार, साबण दाखवलास तर!"

संध्याकाळी लोड पिंजऱ्यात गेला. राखुंडी लगेच आली नाही. मिशा तेवढ्या हलल्या. मग एक पाऊल. मग दुसरं. तिने शिवणीशी नाक नेलं आणि तिथेच ठेवलं. बराच वेळ. मग ती लोडावर चढली, उतरली, दुसऱ्या बाजूने आली आणि हनुवटी टेकली. अगदी तशी. तिच्या घशातून एक बारीक कुईं निघाली. ती मी रविवारनंतर ऐकली नव्हती.

तरी चाऱ्याला तोंड लावलं नव्हतं. सासूबाई काडी-काडी मोजून ठेवून झोपायला गेल्या.

शुक्रवारी उजाडताना मला त्यांच्या हाकेने जाग आली.

"अगं ए! ऊठ! लेंड्या!"

मी ठमीला काखोटीला मारून धावले. मागून नवरा, एका पायात चप्पल. सासूबाई ट्रे दोन्ही हातांत धरून उभ्या होत्या, जणू आत्ताच कुणीतरी त्यांना बक्षिसाची ढाल बहाल केली होती.

"मोज! मी दोनदा मोजल्या, सतरा. तांदळाच्या दाण्याएवढ्या, टपोऱ्या. आणि तिकडे बघ."

राखुंडी लोडाला पाठ टेकून मागच्या पायांवर बसली होती. दोन्ही हातांत गवताची लांब काडी, आणि कर्र कर्र कर्र. आमच्याकडे बघत होती आणि थांबत नव्हती. नवरा म्हणाला, "म्हणजे माझं जाकीट कामी आलं तर!" ठमी सगळे हसतायत म्हणून हसली.

सासूबाईंनी तेवढ्या सकाळी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "नमस्कार. सतरा!" पलीकडून काय विचारलं ते ऐकू आलं नाही, पण सासूबाई ताठ झाल्या. "टपोऱ्या. हो. स्वतःच्या दातांनी खातेय. नाही, कान लावले नाहीत... धुतलं नाही, म्हणून!" मग बराच वेळ ऐकून त्यांनी फोन ठेवला. "सिरिंज बंद म्हणाल्या. आणि त्यांच्याकडे आणखी एक आलाय एकटा पडलेला. त्याच्या माणसांना आपल्याकडे पाठवू का, विचारत होत्या."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, पाठवा. पण जोडीदाराचं अंथरूण न धुता आणा म्हणावं."

दुपारी नियमाप्रमाणे मी लोड तपासायला बाहेर काढला. धागा कुठे सुटला नव्हता. पण शेवटची, हाताने घातलेली शिवण चांगली बोटभर तिरकी गेली होती. मी ती सासूबाईंच्या डोळ्यांसमोर धरली. त्यांनी चष्मा लावला, बघितलं, चष्मा काढला.

"उजेड कमी होता," त्या म्हणाल्या.

मी लोड परत आत ठेवला, रिळातून एक लाल बाण सोडवला आणि त्यांच्या बाहीवर चिकटवला. त्या संध्याकाळभर तो लावूनच रेडिओसमोर बसल्या होत्या. राखुंडी खांद्यावर होती.