बार्बोराच्या समाधीची गत

वाचकहो, प्रोकोप हान्झल नामक वृद्ध ल्यूटवादकाने आपल्या दिवंगत पत्नीसाठी रचलेली गत परक्या कानांवर घालण्याचा जो एकमेव प्रयत्न केला, त्याचे यथामती निवेदन पुढे करण्याचे योजिले आहे. कृपया लक्ष असू द्यावे.

त्या काळी आमच्या प्रागमध्ये ल्यूट हे जुने तंतुवाद्य चित्रांत होते, कवितांत होते, कानांत मात्र उरले नव्हते. घरोघरी पियानो आले होते, आणि कारागीर जुन्या ल्यूटांच्या जादा खुंट्या काढून त्यांचे गिटार करीत होते. प्रोकोपने आपले वाद्य तेवढे वाचविले होते.

त्याच्या गुरुघराण्यात एक रीत होती. आपले माणूस गेले की त्याची सुरांतही समाधी बांधावयाची, म्हणजे एक संथ गत रचावयाची, आणि ती एकदा तरी परक्यांपुढे वाजवावयाची. घरच्यांचे डोळे आधीच ओले असतात, म्हणून ते जमेस धरावयाचे नाहीत. परक्याने ऐकली म्हणजेच समाधी पुरी झाली. पत्नी बार्बोराला जाऊन तीन हिवाळे उलटले होते. गत तयार होती, परंतु ऐकणारा मिळत नव्हता. शिवाय डाव्या हाताची करंगळी आखडू लागली होती. अशात लँगर नावाच्या व्यापाऱ्याच्या घरून रविवारच्या संगीतसभेस ल्यूट घेऊन येण्याचे बोलावणे आले, तेव्हा म्हाताऱ्याच्या जिवात जीव आला.

"बाबा, मान वर करा," गळपट्टा बांधता बांधता त्याची मुलगी आपोलेना म्हणाली. "नवरदेवासारखी नुसती चुळबुळ करताय."

"गरम खोलीत तारा उतरतात गं. लवकर जाऊन जुळवायला हव्यात."

"आईला कधी कुठे वेळेवर नेलंत का? आज बरी घाई!"

बोलून गेल्यावर तिने गाठ उगाचच पुन्हा सोडून बांधली.

लँगरांच्या दिवाणखान्यात ओटोकार नावाचा तरुण कवी त्याची वाटच पाहत होता. त्याच्या हातात मखमली झगा व पिसाची टोपी होती.

"आलात आजोबा! माझ्या कवितेत पानोपानी ल्यूट आहे, पण प्रत्यक्ष आजच पाहतोय. केवढी वेदना आहे हो या लाकडात!"

"लाकूड मेपलचं आहे," प्रोकोप म्हणाला. "वेदनेचं वाजवल्यावर बघू."

"वाजवायचं? छे छे! तुम्ही फक्त बसायचं. पडदा उघडला की जिवंत चित्र दिसणार, मरणाऱ्या राणीच्या खिडकीखाली म्हातारा भाट. संगीत आतून, पियानोवर. लोकांचं काळीज फुटलं पाहिजे! तुमचं वाद्य, राग मानू नका, दुसऱ्या रांगेपर्यंत तरी पोचेल का?"

"मास्तर, टोपी जरा तिरकी घाला," लँगरबाई म्हणाल्या. "आणि नंतर कॉफी घेतल्याशिवाय जायचं नाही हं. खसखशीचे बन केलेत."

त्याला परत फिरता आले असते. परंतु पुन्हा बोलावणे कोठून येणार, आणि तोवर करंगळी चालती राहील काय? त्याने झगा चढविला व कोपऱ्यात बसून तारा जुळविल्या.

पडदा उघडला. आतून पियानो वादळासारखा कोसळला. त्या कल्लोळाखाली प्रोकोपने गत आरंभिली.

त्याच्या गुरूंनी दुःखाला संयत चालीत चालावयास शिकविले होते. शवपेटी उचलणाऱ्यांची पावले पडावीत, तसे मंद्र तारांचे स्वर पडू लागले. बार्बोरा जिना चढताना मध्ये थांबून कठड्याला धरीत असे. तिच्या त्या थांबण्यासाठी त्याने रचनेत एक विसावा ठेवला होता. तो आला, तेव्हा प्रोकोप थांबला. पियानो थांबला नाही. त्याला स्वतःचा एकही स्वर ऐकू येत नव्हता. केवळ ल्यूटची फुगीर पाठ त्याच्या बरगड्यांशी थरथरत होती, त्यावरून तो गत बरोबर चालल्याचे जाणत होता. करंगळीने त्या दिवशी दगा दिला नाही.

समोर माणसे रुमालाने डोळे टिपीत होती.

पडदा पडताच ओटोकारने त्याला मिठी मारली. "काय बोटं फिरवलीत आजोबा! क्षणभर वाटलं, खरंच वाजवताय."

"तुला काही ऐकू आलं का रे?"

"आलं की! पियानो काय सुंदर लागला होता. अहो, रडताय काय? छान झालं सगळं."

घरी आपोलेना दारातच उभी होती. "ऐकलं का हो कुणी?"

प्रोकोपने गळपट्ट्याची गाठ सोडली. "रडले गं सगळे."

"परके?"

"परकेच."

तिने छातीवर क्रूस काढला. "झाली म्हणायची आईची समाधी," असे म्हणून डोळे पुसत ती सूप ऊन करावयास आत गेली.

प्रोकोप भिंतीकडे तोंड करून बसला आणि सर्वांत जाड तारेपासून आरंभ करून एकेक खुंटी उलटी फिरवू लागला. पुन्हा वाजवावयाचे असते, तेव्हा सगळ्या तारा अशा कोणी उतरवीत नाही.

आपण परके असूनही येथवर कान दिलात, याबद्दल ही हकिकत सांगणारा, प्रागचा रहिवासी मातेय कुल्हानेक आपला मनःपूर्वक आभारी आहे.