मॉरिसचा उजवा आरसा

आरसा फुटला गवताच्या गाडीमुळे, पण गेला आवडाबाईंमुळे. हे मी आजही त्यांच्या तोंडावर सांगतो.

कल्याणात दुर्गाडीच्या वळणावर गवताने भरलेली एक बैलगाडी मी चालवत होतो त्या काळुरामशेटच्या मॉरिस मोटारीला घासून गेली आणि उजव्या दाराचा आरसा तडकला. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. आरशाचं निकेलचं घर आणि दांडा शाबूत होता, कल्याणच्या काचवाल्याने नवी काच कापून बसवली असती. म्हणून मी आरसा दांड्यासकट सोडवला आणि सकाळी न्यावा म्हणून कोपरला शेटच्या ओटीवर ठेवला.

सकाळी ओटीवर आरसा नव्हता.

"लगीनघरान फुटका आरसा ठेवतंस?" शेटच्या बायकोने, आवडाबाईंनी, उलट मलाच झापलं. "भरतीला खाडीत सोडून आले मी."

कोपर गावात रीतिभातींचा निवाडा आवडाबाई करतात. दिवेलागणीला मीठ कुणाला द्यायचं नाही, पाचवीला कुणी कुठे बसायचं, सगळं त्यांना तोंडपाठ. फुटकी काच अशुभ, मान्य. पण तिच्याबरोबर घर, दांडा, स्क्रू, सगळंच त्यांनी खाडीला वाहिलं. मोटार छत्तीस सालची, एक इंग्रज साहेब मायदेशी जाताना शेटना विकून गेलेला. तिचा दांडा आता आणायचा कुठून?

शेट हसले. "जाऊ दे रे राघो. आरशावाचून मोटारीचं काय अडतंय?"

मोटारीचं नाही, माझं अडत होतं.

लढाईच्या दिवसांत मी कल्याणच्या कॅम्पात मिलिटरीची लॉरी चालवायचो. हवा भरताना टायर उजव्या कानाशी फुटला आणि तो कान कायमचा गेला. डाव्या कानाला बोलणं ऐकू येतं, आणि शेट नेहमी माझ्या डावीकडेच बसतात, म्हणून कुणाला संशय आला नाही. पण इंजिनाच्या धडधडीत मागच्या गाडीचा भोंगा मला ऐकू येत नाही. मागची खिडकी वीतभर, तिच्यावर आवडाबाईंनी शिवलेला झालरीचा पडदा. मागचा रस्ता मला दिसायचा तो फक्त त्या उजव्या आरशात. ही गोष्ट माझ्या बायकोला, बायजाला, ठाऊक होती. बाकी कुणाला नाही.

आणि लग्न अगदी तोंडावर आलेलं. शेटची एकुलती एक मुलगी कलावती टिटवाळ्याला द्यायची होती. पावसाळ्यात चिखल झाला की तिला डोंबिवलीच्या शाळेत मीच सोडायचो. "राघोकाका, सासरी पण तूच सोडायचंस," असं तिने मला बजावून ठेवलं होतं. नोकरी गेली असती तर दुसरी शोधली असती. पण ही एक फेरी दुसऱ्या कुणाच्या हाती जावी, हे मला सहन होणार नव्हतं.

मी ठाण्याला गेलो. गॅरेजवाल्याने दार बघितलं, दांड्याची भोकं बघितली आणि अशी गाडी हल्ली रस्त्यावर तरी दिसते का, असं मलाच विचारलं. कल्याणात एका डॉक्टरांकडे मॉरिस होती, पण तिला आरसा मुळात नव्हताच. डॉक्टर म्हणाले, मी हात बाहेर काढतो, लोक आपणच थांबतात. शेवटी कॅम्पातल्या निर्वासितांच्या बाजारात मिलिटरीचं भंगार विकायला येतं, तिथे शेटना घेऊन गेलो. तिथे आरसा मिळाला. लॉरीचा, ताटाएवढा, हिरव्या रंगाचा. पट्टी ठोकली असती तर दाराला बसला असता.

शेटनी तो उचलला आणि खाली ठेवला. "वरातीच्या मोटारीला हे थोबाड? टिटवाळ्याचे व्याही हसतील. चल, नको आपल्याला."

"शेट, घ्या."

"अरे, पण कशाला?"

तेव्हा मात्र माझा नाइलाज झाला. "मला उजव्या कानाने ऐकू येत नाही," मी म्हटलं. "लढाईपासून."

शेट फार हळू म्हणाले, "माझी पोर तुझ्या भरवशावर धाडली मी. आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर ठेवलं असतं?"

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नसतं ठेवलं," म्हणाले, आणि आरसा तिथेच टाकून चालू लागले. घरी आल्यावर आवडाबाईंना माझ्या कानाचं सांगितलं आणि किल्ली माझ्याकडून मागून घेतली. वरात वीटभट्टीवरचा लॉरीवाला धाकू नेणार, असं ठरलं. मला लाज वाटली, रागही आला. राग जास्त आवडाबाईंचा.

पण सरकारची दारूबंदी हळदीच्या मांडवापर्यंत काही पोचत नाही. लग्न लागलं, जेवणं झाली, पाठवणीची वेळ आली, आणि धाकूला दोघांनी धरून आणलं. डोळे तांबडेलाल, मोटारीचं दार हाताला सापडेना.

शेट एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत उभे राहिले. नवरा-नवरी मागे बसलेली, पाठराखीण म्हणून आत्या हौसाबाई त्यांच्याशेजारी. सगळं वऱ्हाड खोळंबलेलं.

आवडाबाई पुढे आल्या. शेटच्या मुठीतली किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. "राघो चालवंल," म्हणाल्या. "भोंगा मी ऐकंन." आणि पुढचं दार उघडून माझ्या डावीकडे बसल्या.

हौसाबाई किंचाळल्याच. "अगं, लेकीच्या पाठवणीला आई जाते काय? कोणच्या घरची रीत ही?"

"मी आई म्हणून नाय चालले," आवडाबाई म्हणाल्या. "राघोचा कान म्हणून चालले."

रीत सांगणारी बाईच असं म्हटल्यावर बाकीच्यांनी काय बोलायचं? शेट खिडकीशी वाकले, "सांभाळून ने," एवढंच म्हणाले. मी मोटार काढली.

कल्याणपर्यंत त्यांनी काम चोख केलं. "लॉरी हाय, बाजूला घे." "टांगा हाय." कल्याण सोडलं तशी वर्दळ सरली. आवडाबाई मात्र अख्ख्या वळून, सीटच्या पाठीवर हनुवटी टेकून मागे बघत बसलेल्या. मागे कलावती मान खाली घालून रडत होती. माझेही डोळे भरले, मी रस्त्याकडे बघत राहिलो.

एका वळणाआधी मी विचारलं, "वहिनी, मागे काय आहे का?"

"हाय."

मी मोटार कडेला घेतली, वेग कमी केला. पुढे कुणीच गेलं नाही. मान बाहेर काढून बघितलं तर आमच्याच धुळीपलीकडे सगळा रस्ता रिकामा.

"वहिनी, कुठे आहे?"

"हाय म्हटलं ना," मागच्या सीटवरची नजर न काढता त्या म्हणाल्या. "तू हळू चालव."

टिटवाळा येईपर्यंत मी हळूच चालवली.